नाव नसलेला काटा

वाचनासाठी शास्त्रभाग: २ करिंथ १२:७-१०, निर्गम १७:८-१३

१. दुर्ग सोडून आगगाडी राजनांदगावकडे निघाली की थोड्याच वेळात रसमडा हे स्थानक येते. आजूबाजूला लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत आणि मागे भिलाईच्या पोलाद कारखान्याची मोठी वसाहत आहे. भिलाईची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी, १९५६ पर्यंत, हा सारा मुलूख ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे या भागात मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. येथे माणसाची ओळख त्याच्या हातांवरून होते. कोणी फिटर, कोणी वेल्डर, कोणी क्रेन चालवणारा. अशा ठिकाणी हातच दगा देऊ लागला तर काय होत असेल?

२. असा एखादा बांधव डोळ्यांसमोर आणा. मध्यरात्री खांद्यातून कळ निघते आणि दंडावरून खाली उतरते. बोटांना मुंग्या येतात आणि पहाटेपर्यंत हात जणू दुसऱ्याचाच होऊन बसतो. डॉक्टर तपासतात, एक्स-रे निघतो, रक्ताच्या चाचण्या होतात आणि शेवटी एकच वाक्य ऐकू येते, “रिपोर्ट नॉर्मल आहेत.” किंवा एखादी भगिनी आठवा. पोळ्या लाटताना तिचा खांदा भरून येतो, कपडे पिळताना पकड सुटते, भरलेला कप हातून निसटतो. घरची माणसे आधी काळजी करतात, मग कंटाळतात, आणि मग कोणीतरी म्हणते, “तिच्या मनाचेच खेळ आहेत.” मंडळीतही कोणी हलकेच विचारतो, “प्रार्थनेत कोठे कमी तर पडत नाही ना?”

३. प्रिय वाचक, आपण स्वतः या अवस्थेतून जात असाल अथवा आपल्या घरात असे कोणी असेल, तर हा पाठ आपल्यासाठी आहे. ज्या दुखण्याला अजून नाव मिळालेले नाही, त्याच्याबरोबर ख्रिस्ती माणसाने कसे जगावे?

दुखणे खोटे नव्हे, शिक्षाही नव्हे

४. पौलाने करिंथ येथील मंडळीला आपल्या शरीरातील एका काट्याविषयी लिहिले. तो काटा कोणता, यावर विद्वानांनी शतकानुशतके तर्क केले आहेत. कोणी डोळ्यांचा विकार म्हणतात, कोणी हिवताप म्हणतात. परंतु पौलाने त्याचे नाव सांगितले नाही. त्याने एवढेच सांगितले की तो बोचत होता आणि तो दूर व्हावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही. त्याला मिळाले ते कृपेचे आश्वासन, आणि आपल्या दुर्बलतेतच ख्रिस्ताचे सामर्थ्य वस्तीला येते ही समज. ध्यानात घ्या, त्या काट्याला नाव नव्हते म्हणून प्रभूने त्याला खोटे ठरवले नाही. निदान न होणे आणि दुखणे नसणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. नसांचे व स्नायूंचे अनेक विकार आरंभी एक्स-रेमध्ये दिसतही नाहीत.

५. दुसरा ओझ्याचा विचार पापाचा. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न काढला होता की दोष कोणाचा, त्याचा की त्याच्या आईबापांचा? प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:१-३). प्रत्येक आजारामागे एखादे विशिष्ट पाप शोधण्याचा अधिकार त्याने आपल्या शिष्यांना दिला नाही. मग आपण तो आपल्या भावाविरुद्ध, किंवा स्वतःविरुद्ध, कोणत्या आधारावर घ्यावा?

उपचार शोधणे हा अविश्वास नव्हे

६. काही भाविकांना वाटते की डॉक्टरकडे वारंवार जाणे म्हणजे देवावरील भरवसा कमी असणे. पवित्र शास्त्र असे शिकवत नाही. हिज्कीया राजाच्या प्रार्थनेला उत्तर मिळाले, तरीही यशयाने गळवावर अंजिराचे पोटीस लावण्यास सांगितले (यशया ३८:२१). पौलाने तीमथ्याला त्याच्या पोटासाठी व वरचेवरच्या दुखण्यांसाठी उपाय सुचवला (१ तीमथ्य ५:२३). त्याचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). वाळलेल्या हाताच्या मनुष्याची हकिकत तीन शुभवर्तमानांत येते, पण तो हात उजवा होता हे एकटा लूकच नोंदवतो (लूक ६:६). दुखणे नेमके कोठे आहे याला त्याच्या लेखी महत्त्व होते.

७. आपणही तसेच नेमके सांगावयास शिकावे. महिनाभर एक लहान वही ठेवा. कळ कोठून निघते, कोठवर जाते, कोणत्या वेळी वाढते, कोणती बोटे बधिर होतात, हे त्यात लिहा. अंगठा, तर्जनी व मधले बोट रात्री बधिर होत असेल, तर मनगटात नस दाबली जाण्याची शक्यता असते. करंगळी व तिच्याशेजारचे बोट बधिर होत असेल, तर कोपराजवळच्या नसेकडे लक्ष द्यावे लागते. मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल, तर मूळ मानेच्या मणक्यांत असू शकते. हात वर नेता येत नसेल व खांदा आखडला असेल, तर साखरेची तपासणी अवश्य करावी, कारण मधुमेहींना हा त्रास अधिक होतो. थायरॉइडचा विकार व ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही मुंग्या येतात. आपली वही निदान करणार नाही, ते डॉक्टरांचे काम. परंतु “सगळा हातच दुखतो” या वाक्यापेक्षा ती त्यांना पुष्कळ अधिक सांगेल.

८. काही चिन्हे दिसल्यास मात्र वही बाजूला ठेवा. डाव्या किंवा दोन्ही हातांतील दुखण्याबरोबर छाती आवळणे, घाम फुटणे वा धाप लागणे, तसेच एकाएकी एक हात लुळा पडणे, तोंड वाकडे होणे वा बोलणे अडखळणे, अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि प्रार्थना वाटेत करा. हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, अंगठ्याच्या बुडाचे मांस झडत असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, किंवा दुखण्याबरोबर ताप येऊन वजन घटत असेल, तर त्वरित मोठ्या रुग्णालयात जा.

९. आणि काही गोष्टी टाळा. न्हाव्याकडून मान मोडून घेऊ नका. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेऊ नका. त्यांनी पोट व मूत्रपिंडे बिघडतात. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून हात झोळीत अडकवून ठेवू नका, कारण न हलवलेला खांदा आणखी आखडतो.

वेदना हा देवाने ठेवलेला पहारेकरी

१०. वेदना गेली की आपण बरे झालो असे आपल्याला वाटते. नेहमीच तसे नसते. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तामिळनाडूतील कोल्ली डोंगरावर मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागले. कुष्ठरोगाने बोटे आपोआप गळून पडतात अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले तेव्हा त्यांना वेगळेच दिसले. एकदा एका गंजलेल्या कुलुपाची किल्ली त्यांना फिरवता येईना. एका रुग्ण मुलाने पुढे येऊन ती सहज फिरवली, पण त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले होते आणि त्याला त्याची जाणीवही नव्हती. रोगाने नसा मारल्या होत्या, म्हणून वेदना नव्हती. वेदना नव्हती, म्हणून हाताची राखण करणारा कोणी नव्हता.

११. ब्रँड यांच्यावरही एक कठीण रात्र आली. लांबच्या प्रवासानंतर लंडनच्या एका हॉटेलात पायमोजा काढताना आपल्या टाचेला संवेदना नाही असे त्यांना आढळले. त्यांनी टाचणी टोचून पाहिली. काहीच कळले नाही. आपल्यालाही कुष्ठरोग झाला असे समजून त्यांनी ती रात्र तळमळत काढली. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि ते ओरडले. दुखले होते! गाडीत फार वेळ अवघडून बसल्याने नस तात्पुरती दबली होती. त्या दुखण्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. २००३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, पण वेदना ही देणगी आहे ही त्यांची शिकवण आजही आपल्या कामाची आहे.

१२. छत्तीसगडमध्ये राहणाऱ्यांसाठी तर ती फारच जवळची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मेनोनाइट मिशनऱ्यांनी याच प्रदेशातील चांपा येथे कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. डिसेंबर २००५ मध्ये भारताने कुष्ठरोगाचे प्रमाण राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकाहून खाली आणले, तरी या राज्यात नवे रुग्ण आजही आढळतात. कातडीवर फिकट वा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, किंवा हात बधिर असून कोपराजवळची नस जाड व दुखरी लागत असेल, तर लाजू नका, लपवू नका. सरकारी आरोग्य केंद्रात याची औषधे मोफत मिळतात आणि ठरावीक महिने घेतल्यास रोग बरा होतो. उशीर केल्यास मेलेली नस मात्र सहसा परत येत नाही.

१३. बधिरतेचे कारण कोणतेही असो, बधिर हाताला आपल्या डोळ्यांची राखण द्या. गरम भांडे फडक्यानेच उचला. शेकाच्या पिशवीची ऊब आधी दुसऱ्या, चांगल्या हाताने पाहा. भट्टीजवळ वा यंत्रावर काम करत असाल तर हातमोजे टाळू नका आणि हाताचे बधिरपण वरिष्ठांपासून लपवू नका. रोज रात्री प्रार्थनेपूर्वी दोन्ही तळवे दिव्याखाली धरून कोठे भाजले वा कापले आहे काय ते पाहा. देवाने दिलेल्या शरीराचा हा कारभार आहे.

हात उचलून धरणारे

१४. रफीदीम येथे यहोशवा अमालेक्यांशी लढत होता आणि मोशे टेकडीवर हात उंचावून उभा होता. हात वर असले की इस्राएलाची सरशी होई, खाली आले की अमालेकाची. आणि मोशेचे हात जड झाले. एवढा मोठा देवाचा सेवक, पण खांदे माणसाचेच होते! तेव्हा अहरोन व हूर यांनी काय केले? त्यांनी त्याच्या विश्वासाची परीक्षा घेतली नाही. बसावयास धोंडा आणला आणि एकाने एका बाजूने व दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने, सूर्य मावळेपर्यंत, त्याचे हात धरून ठेवले (निर्गम १७:१२).

१५. मंडळीने आपल्यातील अशा भावाबहिणीसाठी धोंडा आणावा. पाण्याची बादली उचलून द्यावी, दळण आणून द्यावे, रुग्णालयाच्या रांगेत सोबत बसावे, दुचाकीवर मागे बसवून न्यावे. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्याच्या दुखण्याचे कारण समजावून सांगू लागल्यावर मात्र ते चुकले, आणि शेवटी देवाने त्यांना दोष दिला (ईयोब २:१३, ४२:७).

१६. आजारी वाचकहो, आपल्यासाठीही येथे एक धडा आहे. मोशेने आपले हात धरू दिले. “मला काही झाले नाही” असे म्हणत एकट्याने ओझे वाहणे म्हणजे विश्वास नव्हे. वडीलजनांना बोलवा, त्यांना आपल्यासाठी प्रार्थना करू द्या (याकोब ५:१४), आणि जड वस्तू उचलण्यास शेजाऱ्याला हाक मारण्यात कमीपणा मानू नका.

उत्तर येईपर्यंत

१७. कदाचित पुढच्या तपासणीत कारण सापडेल आणि उपचारही होईल. त्याबद्दल देवाची स्तुती करू या. कदाचित दुखणे काही महिन्यांनी आपोआप ओसरेल, पुष्कळांचे ओसरते. परंतु कदाचित ते राहील. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवले (२ तीमथ्य ४:२०). ज्या प्रेषिताच्या हातून अनेक बरे झाले, त्याचाच सोबती त्या दिवशी बरा झाला नाही, आणि शास्त्र ही गोष्ट झाकून ठेवत नाही.

१८. म्हणून रात्री कळ उठेल तेव्हा खोट्या आनंदाचा मुखवटा घालू नका. “कोठवर?” हा प्रश्न १३ व्या स्तोत्रात दावीदाने देवालाच विचारला आहे, आपणही विचारू शकता. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम नेमाने करा. जमेल तेवढे काम करा, न जमेल ते सांगून टाका. आपल्या दुखण्याला माणसांनी अजून नाव दिलेले नसेल. पण ज्याने त्या मनुष्याला वाळलेल्या हातासह सभास्थानाच्या मध्यभागी बोलावले, तो आपल्याला आपल्या नावाने ओळखतो. तो आपल्याला मागच्या बाकावर लपू देत नाही.

चिंतन व चर्चेसाठी प्रश्न

१. पौलाच्या काट्याचे नाव शास्त्रात नाही. याचा निदान न झालेल्या आजाऱ्याला कोणता आधार मिळतो?

२. प्रार्थना व औषधोपचार हे परस्परविरोधी नाहीत, हे कोणत्या शास्त्रभागांवरून दिसते?

३. वेदना नसणे हे केव्हा धोक्याचे ठरते? आपल्या घरात बधिर हाताची राखण कशी करता येईल?

४. आपल्या मंडळीत कोणाचे हात जड झाले आहेत? या आठवड्यात त्यांच्यासाठी आपण कोणता “धोंडा” आणू शकाल?