मनाचें दुखणें व वैद्याची वेळ

बैलानें दोन वेळां वैरण टाकली व रवंथ करावयाचें सोडलें, कीं आपण पशुवैद्यास बोलावणें धाडतों. परंतु घरचा कर्ता पुरुष महिनाभर अर्ध्या ताटावरून उठूं लागला, तर ‘यंदां पावसानें दगा दिला, चालावयाचेंच’ असें म्हणून स्वस्थ बसतों.

पीक बुडालें, भाव पडला, सोसायटीचा हप्ता थकला, म्हणजे चिंता होणारच. तिला दुखणें म्हणतां येत नाहीं. अशी चिंता कामांत अगर मुलाबाळांत घटकाभर तरी विसरते. जी विसरत नाहीं तिच्याकडे लक्ष द्यावें. उदासीनतेचा विकार ओळखण्यासाठीं वैद्यकशास्त्रानें दोन आठवड्यांची मुदत धरिली आहे. बहुतेक रोज व दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहतें, किंवा आवडीच्या गोष्टींतही गोडी वाटत नाहीं. पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाहीं. अन्न जात नाहीं. अंगांत त्राण नसतें. साधा निर्णय होत नाहीं. आपण घरास भार झालों असें वाटतें. सर्वच लक्षणें दिसावीं लागत नाहींत. चार-पांच जमलीं व दोन आठवडे टिकलीं, म्हणजे तज्ज्ञाकडे जावें. आपल्या लोकांत हें दुखणें पुष्कळदां डोकेंदुखी, पोटांतील जळजळ, चिडखोरपणा किंवा वाढतें दारूपान यांच्या रूपानें येतें.

आमच्या शेजारच्या एका द्राक्षबागाइतदारानें ऑक्टोबरची छाटणी उलटून गेली तरी कात्री हातीं धरिली नाहीं. आम्ही त्यास आळशी ठरविलें, आणि त्यांत माझाही वांटा होता. पुढें डॉक्टरांचें औषध सुरू झाल्यावर महिन्याभरानें तो बांधावर दिसूं लागला. अशा औषधांचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत सोडून देऊं नये.

मरणाची भाषा निघाली, एकाएकीं निरवानिरव सुरू झाली, तर मात्र एक दिवसही थांबूं नये. ‘जिवाचें बरेंवाईट करावें असें मनांत येतें काय?’ असें सरळ विचारावें. विचारल्यानें ती कल्पना डोक्यांत शिरते हा समज खोटा आहे. त्यास एकटें सोडूं नये, व फवारणीचीं औषधें त्याच दिवशीं घरांतून हलवून दुसऱ्याच्या कुलपांत ठेवावीं.

समुपदेशक व मानसशास्त्रज्ञ बोलून वाट काढतात. औषध मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर लिहून देतात. प्रथम कोणाकडे जावें हें न कळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय गांठावें. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत व मराठींतूनही बोलतां येतें. घरांत आत्महत्येचा प्रयत्न घडल्यास पोलिसांच्या धास्तीनें तो दडवूं नये. असा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें २०१७ चा मानसिक आरोग्यविषयक कायदा गृहीत धरितो, व त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो.

समुपदेशक कर्ज फेडणार नाहीं हें खरें. परंतु झोप आली व डोकें शांत झालें, म्हणजे बँकेंत जाऊन हप्ते बांधून मागण्याचें बळ येतें. ‘मला वेडा ठरवितां काय?’ असें तो विचारील. तेव्हां वाद घालूं नये. ‘झोप येत नाहीं, एवढेंच डॉक्टरांना सांगूं,’ असें म्हणावें आणि पहिल्या खेपेस आपण स्वतः बरोबर जावें.