जहाजाचा थांबा: टूर घ्यावी की स्वतः फिरावे?

पर्यटन हा चैनीचा विषय आहे, त्याला व्यापाराच्या पानावर जागा कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की जेथे पैसा आणि वेळ दोन्ही खर्च होतात, तेथे हिशेब आलाच. आणि हिशेब आला की तो व्यापाराचा विषय झाला.

उलव्यातील अनेक कुटुंबे आज दोन-तीन रात्रींच्या समुद्रसफरीचा विचार करू लागली आहेत. याची कारणे उघड आहेत. कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजाच्या फेऱ्या सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून सुरू झाल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि उलव्याहून शिवडी गाठण्यासाठी वाशीच्या पुलाचा वळसा घेण्याची गरज उरली नाही. त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. खारकोपर व बामणडोंगरी ही उलव्याची दोन स्थानके त्याच मार्गावर आहेत. पुढे २० सप्टेंबर २०२५ रोजी बॅलार्ड पियर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय होईल अशी त्याची आखणी आहे. थोडक्यात, जहाज आपल्या दारापासून फार दूर राहिलेले नाही.

तिकिटाची चौकशी लोक बारकाईने करतात. परंतु जहाज गोव्याला किंवा अन्य बंदराला थांबल्यावर काय करायचे, याचा विचार बहुधा जहाजावर चढल्यानंतर होतो. तेथे दोन मार्ग समोर असतात. एक, जहाजातर्फे विकली जाणारी टूर घेणे, ज्यात बस, गाईड आणि ठरलेली ठिकाणे असतात. दुसरा, बंदराबाहेर पडून स्वतः वाहन करणे व मनाप्रमाणे फिरणे. या दोहोंत निवड कशी करावी, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

तयार कपडा आणि शिवलेला कपडा

आमच्या धंद्यातील उदाहरण घेऊ. तयार सदरा विकत घेतला की काम झाले. माप थोडे सैल किंवा तंग असेल, रंग अगदी मनासारखा नसेल, पण सदरा हातात असतो. कापड घेऊन शिंप्याकडे दिले तर माप आपले, खिसा आपल्या पसंतीचा आणि बहुधा पैसेही कमी. मात्र शिंप्याने वेळेवर दिला नाही तर ईदच्या दिवशी जुनाच सदरा घालावा लागतो.

टूर म्हणजे तयार कपडा आणि स्वतः फिरणे म्हणजे शिवलेला कपडा. दोहोंपैकी एक नेहमीच चांगला, असे कोणी सांगितले तर त्याने धंदा केलेला नाही असे समजावे. ग्राहक कोण, प्रसंग कोणता आणि मुदत किती, हे पाहूनच माल दाखवायचा असतो.

टूरमध्ये खरे काय विकले जाते?

टूरची किंमत पाहून बरेच जण म्हणतात, ‘एवढ्या पैशांत तर आपण अख्खी गाडी करू.’ हे बऱ्याचदा खरे असते. पण टूरमध्ये केवळ बसची जागा विकली जात नाही. वेळेची जबाबदारीही विकली जाते. जहाजाच्या टूरची बस रस्त्यात अडकली तर जहाज सामान्यतः तिच्यासाठी थांबते, किंवा प्रवाशांना पुढे पोहोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. स्वतः गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. दोन्ही किमतींतील फरकाकडे विम्याचा हप्ता म्हणून पाहावे.

हा धोका काल्पनिक नाही. २७ मार्च २०२४ रोजी आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे या बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’ या जहाजाचे आठ प्रवासी खाजगी टूरवर गेले होते. त्यांना परतण्यास उशीर झाला आणि जहाज त्यांना न घेताच निघाले. पुढील बंदर गाठण्यासाठी त्यांनी देशामागून देश पालथे घातले. गांबियाला पोहोचले तर जहाज तेथे लागूच शकले नाही. अखेर २ एप्रिल रोजी सेनेगलची राजधानी डकार येथे ते जहाजावर चढले. थोड्या उशिराची किंमत सहा दिवस झाली.

मात्र टूर घेतली म्हणजे डोळे मिटून बसावे, असेही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील लिझर्ड बेटावर ‘कोरल ॲडव्हेंचरर’ या जहाजाचाच गट डोंगर चढण्यास गेला होता. ऐंशी वर्षांच्या एक महिला प्रवासी मागे राहिल्या आणि जहाज त्यांना सोडून निघून गेले. काही तासांनी ते परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह बेटावर सापडला. म्हणजे टूरमध्ये मिळणारी हमी ही शेवटी मोजणाऱ्याच्या मोजणीवर अवलंबून असते. गठ्ठे उतरवताना हमालाने मोजले तरी मालकही मोजतो. घरातील वृद्ध माणसाला गाईडच्या भरवशावर सोडू नये. आपल्यापैकी एकाने त्याच्याबरोबरच राहावे.

वेळेचे कापड आकसते

प्रवासी चुकतात ते बहुधा वेळेच्या मोजणीत. पत्रकावर छापलेले तास आणि हातात येणारे तास यांत मोठा फरक असतो. कोरे सुती कापड धुतल्यावर आकसते, तसेच हे आहे. म्हणून माप आधीच वाढवून घ्यावे लागते.

समजा, जहाज सकाळी ११ वाजता गोव्यातील मुरगाव बंदराला लागते व सायंकाळी ७ वाजता सुटते. (फेरीनुसार वेळा बदलतात, हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत.) कागदावर आठ तास दिसतात. आता वजाबाकी करू.

१. जहाज सुटण्यापूर्वी वर चढण्याची एक अंतिम वेळ असते. ती साधारण अर्धा ते एक तास आधीची असते. एक तास वजा.

२. रांग लावून उतरणे, बंदराच्या फाटकापर्यंत येणे, वाहन ठरवणे यात पाऊण तास वजा.

३. परतीच्या रस्त्यावर वाहतूक खोळंबली, चाक पंक्चर झाले, तर हाताशी असावा म्हणून एक तास वजा.

उरले सव्वापाच तास. हे आपले खरे भांडवल आहे. सौदे याच भांडवलावर करावेत, आठ तासांवर नव्हे.

आता मुरगावहून ठिकाणे पाहू. वास्को शहर अगदी जवळ आहे. बोगमाळोचा किनारा व त्या वाटेवरील नौदलाचे विमान संग्रहालय दहा किलोमीटरच्या आसपास आहे. संग्रहालय सोमवारी बंद असते. पणजी सुमारे तीस किलोमीटर आहे. झुआरी नदीवरील नवा पूल डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाल्यामुळे पूर्वीची कोंडी बरीच कमी झाली आहे. जुने गोवे पणजीच्या पलीकडे नदीच्या काठी आहे. तेथील बॉम जेझूस बॅसिलिका व से कॅथेड्रल समोरासमोर आहेत, आणि या वास्तू १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

जुन्या गोव्यास जाण्या-येण्यास अडीच तास धरले तर हाती पावणेतीन तास राहतात. दोन्ही वास्तू नीट पाहून, पणजीत जेवून परत येता येते. परंतु कळंगुटचा किनारा त्याहूनही दूर, उत्तरेकडे आहे. जाण्या-येण्यातच साडेतीन तास गेले तर पावणेदोन तास उरतात. त्यात जेवण धरले की किनाऱ्यावर पाय भिजवून लगेच मागे फिरावे लागते. हा सौदा तोट्याचा. तरीही गोवा म्हणजे कळंगुट असे मनात धरून कित्येक जण तिकडेच गाडी वळवतात.

स्वतः फिरण्याचा नफा

टूरच्या बसमध्ये सर्वांच्या गतीने चालावे लागते. चाळीस माणसे उतरण्यास व चढण्यास प्रत्येक थांब्यावर वेळ जातो. स्वतःच्या गाडीत तो वेळ वाचतो आणि आपल्या आवडीचे ठिकाण पाहता येते. उदाहरणार्थ, फोंड्याची आदिलशाही काळातील सफा मशीद १५६० सालची आहे. तिच्या शेजारचा जांभ्या दगडाचा पायऱ्यांचा तलाव पाहण्यासारखा आहे. ज्याला कोकण आणि विजापूर यांच्या इतिहासात रस आहे त्याने ती अवश्य पाहावी. पण ठरलेल्या टूरमध्ये ती असेलच असे नाही. मात्र सव्वापाच तासांत फोंडा आणि जुने गोवे दोन्ही घाईने उरकण्यापेक्षा एकच ठिकाण निवडणे बरे.

पैशांचा हिशेबही मांडून पाहू. हे आकडेही केवळ समजण्यासाठी आहेत. टूर माणशी २,००० रुपये असेल तर पाच जणांच्या कुटुंबाचे १०,००० रुपये होतात. दिवसाची गाडी ४,५०० रुपयांत ठरली तर ५,५०० रुपये वाचतात. तेच नवरा-बायको दोघे असतील तर टूर ४,००० आणि गाडी मात्र ४,५०० रुपयेच. म्हणजे माणसे जितकी जास्त तितका स्वतःच्या गाडीचा फायदा जास्त; दोघांसाठी टूरच स्वस्त पडू शकते. दोघांनाच स्वतः जायचे असेल तर वास्कोहून पणजीला कदंब महामंडळाच्या बसगाड्याही जातात.

गोव्यात मुंबईसारखी मीटरची टॅक्सी रस्त्यात हात दाखवून मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये. दर, ठिकाणे आणि परतीची वेळ या तीन गोष्टी गाडीत बसण्यापूर्वी ठरवाव्यात. पूर्ण रक्कम आधी देऊ नये. राहिलेली रक्कम बंदराच्या फाटकावर द्यावी, म्हणजे चालकालाही आपल्याला वेळेत आणण्याची काळजी राहते.

दलाली कोणाच्या खिशातून जाते?

व्यापारी या नात्याने एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. पर्यटकांची बस एखाद्या दुकानापुढे थांबते तेव्हा ती नेहमीच मालाच्या गुणवत्तेमुळे थांबत नाही. आणणाऱ्याला दलाली मिळते, आणि दलाली दुकानदार आपल्या पदरची देत नाही; ती किमतीत आधीच चढवलेली असते. खाजगी टॅक्सीवालाही याला अपवाद नाही. म्हणून काजू असो वा कापड, गाईडने दाखवलेल्या पहिल्याच दुकानात थैली उघडू नये. चार पावले पुढे जाऊन भाव विचारावा. गाडी ठरवतानाच ‘दुकानात थांबायचे नाही’ असे सांगितले तर अर्धा तास वाचतो, आणि सव्वापाच तासांत अर्धा तास ही मोठी रक्कम आहे.

चुकल्यास काय, हे आधी पाहावे

सौदा करताना नफ्याआधी तोटा पाहावा. गोव्यात जहाज चुकले तर मनस्ताप होईल, सामान जहाजावर राहील. पण मडगावहून कोकण रेल्वेने पनवेलला उतरून उलव्याला घरी येता येते. तोटा आहे, पण पेलण्याजोगा आहे. म्हणून गोव्यासारख्या ठिकाणी, भाषा समजत असताना आणि कुटुंब मोठे असताना, जवळच्या अंतरात स्वतः फिरणे शहाणपणाचे ठरते.

परदेशातील बंदराची गोष्ट वेगळी. तेथे व्हिसा, परकी भाषा, विमानाचे तिकीट, सारेच आले. दूरचे ठिकाण पाहायचे असेल तर जहाजाची टूर घ्यावी. स्वतः जायचे तर पायी परतता येईल एवढेच लांब जावे. लक्षद्वीपसारख्या बेटांवर जाण्यास परवाना लागतो आणि मोठी जहाजे समुद्रात उभी राहून लहान होड्यांनी प्रवासी नेतात. तेथे वेगळी वाट काढण्याचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

निघण्यापूर्वीचा अभ्यास

वाचकांनी तिकीट काढल्यावर घरीच कागद-पेन्सिल घेऊन पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. वर चढण्याची अंतिम वेळ कोणती? वजाबाकी करून खरे तास किती? आवडीचे ठिकाण जाऊन-येऊन किती वेळाचे, आणि त्या वारी ते उघडे आहे काय? आपण किती जण, आणि त्यांत वृद्ध व लहान मुले किती? आणि जहाज चुकले तर घरी कसे पोहोचणार?

ठिकाणावर जाण्या-येण्याचा वेळ खऱ्या तासांच्या निम्म्याहून कमी असेल आणि पाचव्या प्रश्नाचे उत्तर तयार असेल, तर खुशाल स्वतः फिरावे. नसेल तर टूरचे पैसे भरावेत आणि ते वाया गेले असे मानू नये. जहाजातून उतरताना घड्याळ जहाजाच्या वेळेशी मिळवून घ्यावे. परदेशात किनाऱ्याची वेळ वेगळी असू शकते, आणि जहाज सुटते ते आपल्या वेळेने. ओळखपत्र, रोजची औषधे, थोडी रोकड आणि बंदरातील प्रतिनिधीचा फोन नंबर खिशात ठेवावा.

सेतूवरून जाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की अटल सेतूवर रिक्षा व मोटारसायकलला बंदी आहे. उलव्याहून मोटार किंवा टॅक्सी आधीच ठरवावी, अथवा लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे. बॅलार्ड पियर तेथून जवळ आहे. जहाज चुकण्याची पहिली संधी गोव्यात नव्हे, घराच्या दारातच असते.