सगळं दिसतं, तरी भीती उरते कशी?

प्रश्न : ‘रेसिडेंट ईव्हिल २’ हा व्हिडिओ गेम १९९८मध्ये आला, तेव्हा मी खेळलो होतो. आता मुलगी २०१९ची नवी आवृत्ती खेळते. पूर्वी कोपऱ्यापलीकडचं दिसायचं नाही, म्हणून छाती धडधडायची. आता कॅमेरा नायकाच्या पाठीशीच असतो, चित्रही स्वच्छ. मग भीती उरते कशी? की जुनाच गेम उजळून विकलाय?

उत्तर : शेवटची शंका आधी मिटवू. जुन्या घराला रंग देणं वेगळं आणि ते पाडून त्याच जोत्यावर पुन्हा बांधणं वेगळं. पहिलं रीमास्टर, दुसरं रीमेक. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने इथे दुसरं केलं. रकून सिटी हे शहर, तिथलं पोलीस ठाणं, लिऑन आणि क्लेअर ही खेळायची पात्रं जुनीच. चित्रं, आवाज, हालचाली मात्र मुळापासून नव्या.

आता भीती. जुना कॅमेरा प्रत्येक ठिकाणी खिळलेला असे, तो केवळ घाबरवण्यासाठी, असा समज आहे. तो अर्धाच खरा. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी अवघी २ एमबी. इतक्या तपशिलाच्या खोल्या खेळता खेळता रेखाटणं त्याला झेपत नव्हतं. म्हणून खोल्यांची चित्रं आधीच तयार करून त्यांवर पात्रं हलवत. चित्र स्थिर, म्हणून कॅमेराही स्थिर. दिग्दर्शक हिदेकी कामिया यांच्या चमूने या अडचणीचीच संधी केली : पावलं ऐकू यावीत, पण चालणारा दिसू नये, असे कोन निवडले.

दारांचंही तसंच. काळ्या पडद्यावर दार सावकाश उघडे, तेवढ्यात पुढची खोली सीडीवरून मेमरीत येई. मागची खोली मात्र मेमरीतून जाई. त्यामुळे दार ओलांडलं की मागचा झोंबी मागेच राही.

नव्या गेमला ही अडचण नाही. दारं खरीखुरी आहेत आणि झोंबी ती ढकलून मागे येतात. मला या रीमेकमधली सर्वांत जबर गोष्ट हीच वाटते. मिस्टर एक्स हा धिप्पाड पाठलाग करणारा जुन्यात दुसऱ्या फेरीत, म्हणजे एका पात्राचा खेळ संपवून दुसऱ्याने खेळताना, ठरलेल्या जागीच भेटे. आता तो ठाणंभर हिंडतो, गोळीचा आवाज ऐकून तिकडे वळतो. त्याचे बूट वरच्या मजल्यावर वाजतायत की भिंतीपलीकडे, हे हेडफोन लावून ऐकत बसावं लागतं. शिवाय नजर मोकळी झाली, तरी ठाण्याच्या बऱ्याच भागात टॉर्चच्या झोताबाहेर काळोखच असतो, आणि पडलेला झोंबी मेलाच याची खात्री नसते.

मुलीला जुना गेमही जरूर द्या. संगणकासाठी तो २०२४मध्ये पुन्हा विक्रीला आला आहे. त्यात पहिल्या फेरीत शस्त्रागारातली मशिनगन उचलली, तर दुसऱ्या फेरीतल्या पात्राला ती मिळत नाही. दोन फेऱ्यांमधला हा धागा नव्यात फार सैल झाला, याची मला खंत वाटते.