टॉप लिंक घेण्याआधी टेप घ्या



मागच्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ऐन चिखलणीत आपल्या एका गटाच्या अवजार बँकेतली टॉप लिंक तुटली. ताईंनी विश्वासाने पैसे माझ्या हातात दिले. मी दुकानात जाऊन "ट्रॅक्टरची टॉप लिंक द्या" एवढंच म्हणाले आणि दोनशे रुपयांनी स्वस्त होती ती उचलली. तिची भोकं लहान निघाली. मग बारीक पिन घालून काम भागवलं. दुसऱ्याच दिवशी पिन वाकली आणि रोटाव्हेटर दोन दिवस उभा राहिला. रोपं तयार असलेल्या तिघींना बाहेरून जास्त भाड्याने ट्रॅक्टर आणावा लागला. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ताही थकला. म्हणून हा धडा आधी मी शिकले, आता तुम्हाला सांगते.

टॉप लिंक काय करते?

अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडतात. खालचे दोन हात ते उचलतात. वरचा मधला दांडा म्हणजे टॉप लिंक. ती अवजाराचा कल ठरवते. खुरपं जास्त उभं धरलं की रुततं, आडवं धरलं की वरवर खरडतं, तसंच हे. लिंक आखूड केली की नांगराचं टोक खाली झुकतं आणि तो जास्त घुसतो. ट्रॅक्टरवर ताण येतो, डिझेल जास्त लागतं. लांब केली की मागचा भाग टेकतो आणि नांगर नीट घुसत नाही. रोटाव्हेटर तर सरळच हवा, नाहीतर पीटीओ शाफ्टचा क्रॉस खटखटतो आणि लवकर जातो. अवजार बदललं की कल बदलावा लागतो. म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारीच लिंक घ्या.

घेताना काय बघायचं?

१. पिनची जाडी. कॅटेगरी १ ची वरची पिन १९ मिमी असते, कॅटेगरी २ ची २५ मिमी. ट्रॅक्टरकडचं आणि अवजाराकडचं, दोन्ही भोकं मोजा. मोठ्या भोकात बारीक पिन किंवा साधा बोल्ट घालू नका.

२. लांबी. सपाट जागी अवजार खालच्या दोन हातांना जोडा आणि समतल ठेवा. मग वरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावा. समजा ६० सेंमी आलं, तर ५० ते ७० सेंमी होणारी लिंक बरी. दोन्हीकडे फिरवायला जागा राहते.

३. आटे. मधल्या नळीत एका बाजूला सुलटे, दुसऱ्या बाजूला उलटे आटे असतात. म्हणून नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत जातात किंवा बाहेर येतात. दुकानातच हाताने फिरवून बघा. अडकत असेल किंवा डुगडुगत असेल तर घेऊ नका.

४. लॉक नट. तो नसेल तर हादऱ्याने नळी आपोआप फिरते.

तेलावर चालणारी हायड्रॉलिक टॉप लिंकही मिळते. पण ती महाग असते आणि तिला ट्रॅक्टरवर तेलाची वेगळी जोडणी लागते. आपल्या कामाला हाताने फिरवायची पुरते.

जिवाची काळजी

लिंक फिरवताना अवजार जमिनीवर टेकलेलं आणि इंजिन बंद हवं. आटे शेवटापर्यंत बाहेर काढू नका, टोक निसटतं. आणि अडकलेली गाडी किंवा ओंडका टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून कधीच ओढू नका. ओढ वरून लागली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकदादांच्या अंगावर मागे उलटतो. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारलाच.

पुढच्या बैठकीत करायचं काम

एकीने टेप धरायचा, दुसरीने वहीत लिहायचं: ट्रॅक्टरकडची पिन, प्रत्येक अवजाराकडची पिन, लांबी. तोच कागद अवजारांच्या पेटीत आतून चिकटवा. खरेदीला जाताना फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा आणि बिलावर माप लिहून घ्या. "ताई, तुम्हाला यातलं काय कळतंय?" असं कोणी म्हणालं, तर कागद दाखवायचा. चालकदादांना जरूर विचारा, पण पैसे आपले आहेत, माप आपल्याला ठाऊक हवं.

आता खरेदीला निघताना माझ्या पिशवीतही टेप असतो.

— तुमची क्षेत्र समन्वयक, देहूरोड