शंभरात किती?

पेरणीच्या आधी शहाणा शेतकरी काय करतो? बियाणे तपासतो. ज्वारीचे 100 दाणे मोजून घेतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. काही दिवसांनी मोड आलेले दाणे मोजतो. 90 उगवले, तर बी चांगले. 50 उगवले, तर बी बदललेले बरे.

सगळेच बी असे उगवून पाहिले, तर पेरायचे काय? म्हणून नमुना घ्यायचा. पण पोत्याच्या तोंडचाच नमुना घेऊन भागत नाही. वरचा, मधला, तळाचा, असा सगळीकडचा दाणा घ्यावा लागतो. तरच तो पोत्याची खरी हकिगत सांगतो.

यंत्राचे भाग तपासणारा इंजिनियर हेच काम जन्मभर करतो. नमुना घ्यायचा, तपासायचा, मोजायचा, लिहून ठेवायचे.

इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर तुम्हाला ठाऊक आहे. बारामतीहून ते लांब नाही. तिथे साखर कारखान्यांची यंत्रे होतात, तसे अग्निबाणाचे भागही होतात. 2023 साली चंद्रयान-3 अग्निबाणाने वर नेले. त्या अग्निबाणाच्या दोन बाजूंना दोन मोठी नळकांडी होती. त्यांचे काही पोलादी भाग वालचंदनगरला झाले. एकेका नळकांड्यात सुमारे 200 टन इंधन असते. तीन तुकडे जोडून ते उभे करतात.

इंधन एकदा जळले की संपले. बियाण्यासारखेच ते. म्हणून 24 जानेवारी 2010 रोजी श्रीहरिकोट्याला असे एक नळकांडे जमिनीवरच पेटवून पाहिले. ते सुमारे 130 सेकंद जळले. मगच पुढचे काम.

एवढी काळजी कशाला? हिशेब करून बघा. एका यंत्रात 100 भाग आहेत. प्रत्येक भाग शंभरात 99 वेळा नीट चालतो. पण एकही भाग बिघडला, तर यंत्र बंद पडते. मग यंत्र शंभरात किती वेळा नीट चालेल? 99 वेळा? नाही! भाग दोनच असते, तर 98 वेळा. दहा असते, तर 90 वेळा. 100 भाग असले, तर फक्त 37 वेळा! म्हणून लहानसा भागही नीट तपासावा लागतो.

आणि नोंद अर्धी ठेवली तर? अमेरिकेत काय झाले ते ऐका. तिथल्या ‘चॅलेंजर’ यानाची नळकांडीही तुकडे जोडून केलेली होती. सांध्यात रबरी वायसर होते. थंडीत रबर कडक होते. 27 जानेवारी 1986 च्या रात्री रॉजर बोझले नावाचा इंजिनियर आणि त्याचे सोबती सांगत होते, ‘‘थंडी फार आहे. उद्या उडवू नका.’’ वरिष्ठांनी ऐकले नाही. सकाळी यान उडाले आणि 73 सेकंदांत आकाशातच फुटले. सातही माणसे गेली.

पुढे चौकशी झाली. आधी 24 उड्डाणे झाली होती. ज्या उड्डाणांत वायसरला झळ लागली, तेवढीच वरिष्ठांनी पाहिली होती. त्यांत काही गरम दिवसांची होती, काही थंड. म्हणून थंडीचा दोष दिसला नाही. चौकशीत सगळी 24 एकत्र मांडली. गरम दिवसांच्या 20 पैकी फक्त 3 उड्डाणांत झळ लागली होती. थंड दिवसांच्या 4 पैकी चारही उड्डाणांत लागली होती! चांगल्या उड्डाणांची नोंद शेजारी ठेवली, तेव्हा दोष उघडा पडला.

आपणही असेच करतो. विहिरीवरची मोटर जळाली की तो दिवस लक्षात राहतो. ती नीट चालली ते दिवस कोणी लिहीत नाही. आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. रोज लिहा : मोटर किती तास चालली, वीज कमी दाबाची होती का, काही बिघडले का. चांगला दिवसही लिहा, वाईटही लिहा. महिनाअखेर मोजा. मग दोष मोटरीचा की विजेचा, हे वहीच सांगू लागेल.

सांगा पाहू :
1. बियाण्याचा नमुना पोत्यात सगळीकडून का घ्यावा?
2. ‘चॅलेंजर’च्या नोंदीत कोणती उड्डाणे पाहायची राहिली?
3. तुमच्या वहीत तुम्ही कशाची नोंद ठेवाल?