पाऊस आपला, पाणी कोठे जाते?
भोर व वेल्हे भागांतील शाळांसाठी भूगोलाचा एक पाठ

भूगोल हा विषय नकाशापासून सुरू करावा की अंगणापासून, असा प्रश्न शिक्षकांपुढे नेहमी उभा राहतो. लहान मुलांच्या बाबतीत त्याचे उत्तर अंगण हेच आहे. मुलाने जे डोळ्यांनी पाहिले, पायाखाली तुडविले, त्याचेच नाव व कारण त्यास प्रथम कळावे आणि मग त्याची दृष्टी हळूहळू तालुक्याकडे, जिल्ह्याकडे व पुढे जगाकडे न्यावी. भोर आणि वेल्हे या भागांतील शिक्षकांना याकरिता दूर जावयास नको. त्यांच्या गावातच एक कोडे उभे आहे. आषाढात दहा-दहा दिवस सूर्यदर्शन होत नाही, ओढे दुथडी वाहतात. आणि चैत्र-वैशाखात त्याच गावच्या बायामाणसांना हंडाभर पाण्यासाठी झऱ्याशी ताटकळत बसावे लागते. असे का व्हावे? या एका प्रश्नाच्या उत्तरात प्राकृतिक आणि मानवी असा दोन्ही भूगोल सामावला आहे.

१. पाऊस

नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीस अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पाडतात. घाटमाथा ओलांडून ते पूर्वेकडे उतरले म्हणजे त्यांतील बाष्प कमी झालेले असते. म्हणून महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि आपल्याच जिल्ह्यातील बारामतीस सुमारे पाचशे मिलिमीटरांवर समाधान मानावे लागते. भोर-वेल्ह्याची पश्चिम कड दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाची आहे. पूर्वेस महामार्गाकडे येता येता पाऊस झपाट्याने उतरतो. भात आणि नाचणीचा मुलूख कोठे संपतो व ज्वारी-बाजरीचा कोठे लागतो, हे मुलांना विचारले म्हणजे पावसाची ही उतरंड ती स्वतःच सांगतील.

२. खडक

एवढा पाऊस पडूनही पाणी का टिकत नाही, याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या भेगांतून शिलारस वारंवार बाहेर पडला, पसरला आणि थिजला. एकावर एक असे थर साचून दख्खनचे पठार बनले. तोरणा किंवा रोहिडा दुरून पाहावा. काळ्या कठीण खडकाचे उभे कडे आणि त्यांच्यामधील मऊ थरांचे उतार अशी पायऱ्यांसारखी रचना स्पष्ट दिसते. भूशास्त्रात या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

काळ्या कातळात पाणी फक्त भेगांतून शिरते. मऊ, सच्छिद्र मांजऱ्या खडकात ते थोडे अधिक मुरते. मुरलेले पाणी खालच्या अभेद्य थरावर अडले की डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. आपल्या बहुतेक वाड्या अशा झऱ्यांच्या आसऱ्याने वसल्या आहेत. परंतु उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खडकाची साठवण अल्प. त्यामुळे पावसाचा मोठा भाग वाहून जातो आणि झऱ्याची धार उन्हाळ्यात बारीक होते. पाऊस पुष्कळ असणे आणि पाणी पुष्कळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या पाठाचे पहिले सूत्र होय.

३. पाणलोट

वाहून गेलेले पाणी कोठे जाते? वरंधा घाटाच्या माथ्यावर मुलांना मनाने उभे करावे. तेथे पश्चिमेस पडलेला थेंब कोकणात उतरून सावित्री नदीच्या वाटेने बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळतो. त्याच्या शेजारी, पूर्वेस पडलेला थेंब नीरेत येतो. नीरा नरसिंगपूर येथे भीमेस, भीमा पुढे कृष्णेस आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास मिळते. चार हातांच्या अंतरावर पडलेल्या दोन थेंबांची ताटातूट दोन समुद्रांएवढी होते.

असाच, परंतु लहान पाणलोट पाबे घाटात आहे. घाटाच्या उत्तरेचे पाणी मुठेकडे जाते. दक्षिणेचे कानंदी व गुंजवणी यांच्यामार्फत नीरेकडे. मात्र हे दोन्ही प्रवाह शेवटी भीमेतच एकत्र येतात. पाबे खिंडीत दुरावलेली पाण्याची भावंडे नरसिंगपुरी भेटतात, असे सांगितले तर मुले ते विसरणार नाहीत.

४. खोरे आणि माणूस

दोन डोंगररांगांमधील नदीच्या प्रदेशास आपण खोरे म्हणतो. पूर्वी हेच येथील मुलखाचे विभाग होते. मोसे खोरे, कानंद खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ ही नावे मोसी, कानंदी, वेळवंडी, गुंजवणी या नद्यांशी जुळतात. रोहिड खोऱ्याचे नाव रोहिड्याशी जुळते. प्रत्येक खोऱ्याचे देशमुख निराळे : मोसे खोऱ्यात पासलकर, गुंजण मावळात सिलिमकर, रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल. डोंगर ओलांडणे कष्टाचे आणि नदीकाठाने जाणे सोपे, म्हणून सोयरिक, बाजार व कारभार ही खोऱ्याच्या आतच चाले. इतिहासात ज्यांस मावळे म्हणून गौरविले जाते, त्यांच्या संघटनेची चौकट अशी भूगोलाने आखून दिली होती.

पाण्याचे कोडे त्या काळच्या लोकांसही पडले होते. राजगडासारख्या उंच डोंगरावर पाव शतक राजधानी नांदली, ती पद्मावती तळे आणि कातळात खोदलेली टाकी यांच्या बळावर. जो कातळ पाणी मुरू देत नाही, तो खोदला तर पाणी झिरपूही देत नाही, हे त्यांनी ओळखले. पावसाचे पाणी पडते तेथेच अडविणे हा धडा गडांनी आपणांस दिला आहे.

शेतीतही हीच जाण दिसते. उताराला आडवे बांध घालून केलेले भातखाचर म्हणजे पाणी व माती दोन्ही धरून ठेवणारी पायरीच होय. वरकस उतारावर नाचणी व वरई, खाली खाचरात भात, ही वाटणी खडक व माती पाहूनच ठरली आहे.

५. धरणे

वेळवंडीवर भाटघर येथे १९२८ मध्ये मोठे धरण पूर्ण झाले. त्यास लॉइड धरण म्हणत. आज तो येसाजी कंक जलाशय म्हणून ओळखला जातो. त्याची साठवण सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट आहे. या पाण्यावर नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या कमी पावसाच्या मुलखात ऊस पिकला. आंबी नदीवरील पानशेत आणि मोसीवरील वरसगाव ही धरणे खडकवासल्यामार्फत पुणे शहराची तहान भागवितात. पानशेतचे धरण बांधकाम सुरू असतानाच १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. पुढे ते पुन्हा बांधण्यात आले.

धरणांनी लक्षावधी लोकांचे कल्याण झाले हे खरे. परंतु त्यासाठी सुपीक नदीकाठ पाण्याखाली गेला आणि कित्येक गावे उठली, हेही तितकेच खरे. वर्गात अशा कुटुंबांतील मुले असू शकतात. शिक्षकाने दोन्ही बाजू समतोलपणे मांडाव्यात. कोणाच्या घरची व्यथा वर्गात चर्चेचा विषय होऊ नये, आणि ती लपवावी लागते असेही मुलास वाटू नये.

६. उपक्रम

अ) शाळेच्या मागे माती-दगडांचे दोन डोंगर व मधले खोरे करावे. झारीने पाणी घालून पाणलोट दाखवावा. एका उतारावर आडवे बांध घालावेत, दुसरा मोकळा ठेवावा. खाली येणारे पाणी कोठे गढूळ व कोठे निवळ, हे मुलांनी नोंदवावे.

आ) सरळ काठाच्या डब्याने रोजचा पाऊस मोजून फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे मुलांकडून पडताळून घ्यावे.

इ) मग गणित घालावे. शाळेचे छप्पर १० मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे. वर्षाचा पाऊस २,००० मिलिमीटर. छपरावर १,२०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ९६,००० लिटर उरते. पन्नास मुलांना रोज प्रत्येकी दोन लिटर दिले तर ते किती दिवस पुरेल? उत्तर ९६० दिवस येते. हे उत्तर मुलांनीच काढू द्यावे व ते घरी सांगण्यास सांगावे.

ई) गावातील झरे, विहिरी व टाकी यांचा नकाशा काढावा. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, पूर्वी कधी आटत असे, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. जुन्या माणसांकडे असलेले हे ज्ञान पुस्तकात नाही. ते त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वी शाळेच्या वहीत उतरले पाहिजे.

२०२४ मध्ये राज्य शासनाने वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचे ठरविले. नावे बदलतात, सीमा बदलतात. खोरे व पाणलोट मात्र तेच राहतात. आज येथील अनेक मुले शिक्षणासाठी व पोटासाठी पुण्या-मुंबईस जातात. तेथे नळाची तोटी सोडताना आपल्या खोऱ्याची आठवण त्यांस व्हावी, आणि जी येथेच राहतील त्यांनी आपल्या शिवारातील पाणी अडवावे, इतके या पाठाने साधले तरी पुरे. झऱ्यांची वही येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करावी आणि दरवर्षी नव्या वर्गाने ती पुढे चालवावी.