मीटर 'टीं' करतंय, मग टीव्ही का नाही?

ट्रान्समिशन लाइन्सच्या पेपरात मी पास झाले होते, तेही बऱ्या मार्कांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझी जरा अब्रू जाणार आहे.

आमचं घर बोरिवली पश्चिमेला, गोराईच्या म्हाडा वसाहतीत. १९८५ साली जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या प्रकल्पात इथे छोटे छोटे प्लॉट दिले गेले आणि लोकांनी पैसे जमतील तशी घरं वाढवली. आमच्याही घरावर एक मजला चढला. केबलची वायर मात्र जुनीच राहिली. घर वाढलं की तिला एक तुकडा पिळून जोडायचा, वर काळी टेप गुंडाळायची, की झालं! गच्चीवरून ती खाली येते, भिंतीत शिरते आणि आजीच्या खोलीत निघते. भिंतीत पाइप नाही, वायर थेट प्लास्टरमध्ये गाडलेली.

गेल्या पावसाळ्यात आजीचा टीव्ही बिघडला. गुडघ्यांमुळे ती खोलीबाहेर फारशी पडत नाही, तेव्हा तिच्यासाठी टीव्ही म्हणजे दिवसभराची सोबत. चित्राचे चौकोन व्हायचे, कीर्तनकाराचा आवाज मधेच तुटायचा. बॉक्स बदलून पाहिला, फरक नाही. आजी म्हणाली, "अगं, तू तिकडे हेच शिकतेस ना?"

झालं, मी मल्टिमीटर काढला. वायर दोन्ही टोकांना सोडवून मधली तार तपासली, मीटर टीं! बाहेरची जाळी तपासली, पुन्हा टीं! दोन्हींत शॉर्ट नाही. मी ऐटीत निदान केलं, "वायर ठणठणीत आहे, सिग्नल कमी येतोय, बूस्टर लावा." बाबांनी बूस्टर आणला. चौकोन होते तिथेच राहिले, उलट दोन चॅनेल आणखी गेले. आजी काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

मग केबलवाल्याच्या माणसाला मीटर घेऊन बोलावलं आणि (उशिरा का होईना) गणित मांडलं. गच्चीवर सिग्नल ६८ डीबी-मायक्रोव्होल्ट, बॉक्सजवळ ४१. म्हणजे वाटेत २७ डीबी गायब. आता जायला हवे होते किती? जुनी आरजी-५९ वायर, २२ मीटर, ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास साधारण ५ डीबी. दोन वाटांचा स्प्लिटर ४. जोड वगैरे १. बेरीज १०. उरलेल्या १७ डीबीचा हिशोबच लागेना. १७ डीबी म्हणजे शक्ती ५० पट कमी! (याला मराठीत 'क्षीणन' म्हणतात हे मला लेख लिहिताना कळलं. आजी त्याला 'वाट लागणं' म्हणते.)

मल्टिमीटर खोटं बोलला नव्हता, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. तो बॅटरीचा डीसी सोडतो आणि तार सलग आहे का एवढंच सांगतो. टीव्हीचा सिग्नल तसा तारेच्या पोटातून जात नाही. १०० मेगाहर्ट्झला तांब्यात प्रवाह जेमतेम ७ मायक्रॉनच्या पापुद्र्यात वाहतो, आणि ऊर्जा जाते ती तार आणि जाळी यांच्या मधल्या प्लास्टिकमधून. वायरवरचे ७५ ओहमसुद्धा मीटरवर दिसत नाहीत. ते ठरतात तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि मधलं प्लास्टिक यांवरून. पॉलिथिनचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट साधारण २.३, पाण्याचा ८०. आत ओल शिरली की वायर दिसायला तीच, पण गणित दुसरंच.

आणि ओल शिरलीच होती. गच्चीवरचा टेपवाला जोड कापला तर जाळीचा हिरवा भुगा हातात आला. खाडीवरचं खारं वारं आमच्या खिडक्यांचे गज खातं, ते तांब्याच्या जाळीला का सोडेल? पाणी जाळीतून वातीसारखं झिरपत थेट भिंतीपर्यंत पोचलं होतं.

हा आजार जुनाच असणार. मुंबईत केबलचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण ३१ ऑक्टोबर २०१२ ला बंद झालं, तेव्हा मी लहान होते. पण आमच्या टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंना दोन नाकं होती हे मला पक्कं आठवतं. २२ मीटरवरच्या जोडावरून सिग्नल परतून आला तर ४४ मीटर जास्त चालतो, म्हणजे ०.२२ मायक्रोसेकंद उशीर. पडद्यावरची एक रेघ ५२ मायक्रोसेकंदांत रंगते. २१ इंची टीव्हीवर दुसरं नाक सुमारे २ मिलिमीटर उजवीकडे! अ‍ॅनालॉगमध्ये मुंग्या दिसायच्या, भुतं दिसायची, पण कार्यक्रम कळायचा. डिजिटल शेवटपर्यंत सगळं छान दाखवतं आणि मग एकदम कोसळतं. बूस्टरही म्हणूनच निरुपयोगी ठरला. टीव्हीपाशी लावला तर आलेला कचराही तो तितकाच मोठा करतो.

भिंत फोडायला बाबा तयार नव्हते, रंग नुकताच झाला होता. गाडलेली वायर तशीच सोडली आणि बाहेरून पीव्हीसी पाइप टाकून नवी आरजी-६ ओढली, अखंड, एकही जोड नाही. घरात शिरण्याआधी वायरला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथून टपकून जातं. पाइप मुद्दाम जाडा घेतला, उद्या फायबर आलं तर त्यातूनच जाईल. वळणं मोठी ठेवली, वायर काटकोनात मोडायची नाही. एफ-कनेक्टर बसवताना जाळीचा एक केसही मधल्या तारेला लागता कामा नये, मी दोनदा चुकले. काम करताना टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढून ठेवा, जाळीतून झिणझिण्या येऊ शकतात. दुसऱ्या खोलीत टीव्ही आता नाहीच, म्हणून स्प्लिटरही काढून टाकला.

बॉक्सजवळ पुन्हा मोजलं : ६३. वाटेत ५ डीबी. आजीने मीटरकडे पाहिलंही नाही, रिमोट मागितला.

जुन्या वायरचा हिरवा तुकडा मी हॉस्टेलवर आणलाय. आपल्या टीव्ही रूममध्ये मॅचच्या वेळी चौकोन पडतात आणि तिथे नवा बूस्टर घेण्यासाठी वर्गणी चालू आहे असं ऐकते. वर्गणी देण्याआधी कोणीतरी माझ्याबरोबर गच्चीवर चला, तो टेपवाला जोड आधी बघू.